सुरवंटाची बखर

माझा आणि सुरवंटाचा संबंध तसा जुना. कोपरीत आमच्या बैठ्या चाळीच्या मागे शेवग्याचं एक झाड होतं. पावसाळा लागला की त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची सभा भरायची. अंगाला अंग लावून, तक्रार न करता, लोकलच्या दारात उभे असावेत तसे ते दिवसभर चिकटून असत. एकदा मी शेंगा काढायला चढलो आणि नेमका त्या सभेत हात घातला. पुढचे दोन दिवस मी खाजवत होतो, आजी माझ्या हातावर घोंगडीचा तुकडा घाशीत होती, आणि वडील चाळीतल्या चार माणसांना जमवून पलिता पेटवीत होते. संध्याकाळपर्यंत सगळी सभा भस्मसात झाली. "मेले अंगावर येतात!" असा आजीने निकाल दिला. वास्तविक अंगावर मी गेलो होतो. पण हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या लक्षात यायला तर साठ वर्षं जावी लागली. ते कसं आलं, तेच इथे सांगायचं आहे.

झालं असं, की गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीला आला तो एक यंत्र घेऊन आला. माझा मुलगा सिंगापूरला असतो. तिथे मुलांना सुट्टीत आजोळी-आजोबांकडे पाठवताना अंगठ्याला विरंगुळा म्हणून असलं काहीतरी बरोबर देतात. यंत्र दिसायला अर्ध्या पोळपाटाएवढं, पण टीव्हीला जोडलं की घरातल्या सगळ्या मालिका बंद. आमच्या हिने पहिल्या दिवशी नातवाचे लाड म्हणून चालवून घेतलं, दुसऱ्या दिवशी "डोळे जातील हो त्याचे" म्हणून लक्ष ठेवायला बसली, आणि तिसऱ्या दिवशी "अरे, डावीकडे! डावीकडे बघ, मेल्या!" असं स्वतःच ओरडायला लागली.

मला हे खेळ अगदीच नवे नव्हते. 1990 नंतर केव्हातरी मुलाने हट्ट करून घेतलेला एक 'टीव्ही गेम' आमच्याकडे होता. त्याच्या डबीवर नव्याण्णव लाख खेळ असल्याचं छापलेलं होतं. मोजले तेव्हा सात निघाले. उरलेले तेच, नाव बदलून. त्यात टोपी घातलेला एक ठेंगणा मिशाळ माणूस उड्या मारीत पळायचा. तोच माणूस तीस वर्षांनी पुन्हा आमच्या दिवाणखान्यात हजर झाला. मधल्या काळात मी रिटायर झालो, माझे केस गेले, दोन दात गेले. तो होता तसाच. मिशीसुद्धा काळीभोर.

खेळ नीट कळावा म्हणून मी आधी त्याचा इतिहास वाचायला घेतला. (आमच्या पिढीला भोवरा फिरवायचा झाला तरी आधी गॅझेटियर लागतं.) आणि इतिहास मोठा गमतीचा निघाला. 1889 साली जपानमधल्या क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थांनी पत्ते तयार करण्याचा धंदा काढला. हे पत्ते आपले बदाम-किलवर नव्हेत. त्यांना हानाफुदा म्हणतात, म्हणजे फुलांचे पत्ते. एका जोडात 48 पानं. वर्षाच्या प्रत्येक महिन्याची चार, आणि त्यांवर त्या त्या महिन्याचं फूल नाहीतर झाड चितारलेलं. आपल्याकडे एखाद्या कुटुंबाने रमीवर संसार उभा केला तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. तिकडे त्याच पत्त्यांतून पुढे निन्टेन्डो ही जगप्रसिद्ध कंपनी झाली. 1981 साली तिथल्या शिगेरु मियामोतो नावाच्या तरुणाने 'डाँकी काँग' या खेळात हा मिशाळ माणूस पहिल्यांदा उतरवला. तेव्हा तो सुतार होता. 1983 साली त्याला खेळात भाऊ मिळाला आणि दोघं भाऊ प्लंबर झाले.

इथे मी वाचन थांबवलं आणि चष्मा पुसला.

प्लंबर! नायक व्हायला जगात काय कमी माणसं आहेत? आमच्या कोपरीत प्लंबर ही व्यक्ती नसून दंतकथा आहे. तो आहे असं सगळे सांगतात, त्याला प्रत्यक्ष पाहिलेले लोकही भेटतात, पण त्याच्याकडून येतो तो फक्त निरोप : "उद्या येतो." हा मारिओ नावाचा प्लंबर एका राजकन्येसाठी किल्ल्यामागून किल्ले ओलांडतो म्हणे. आमच्याकडे त्याला एक जिना ओलांडायला तीन आठवडे लागतात, आणि आल्यावर तो पाना विसरलेला असतो.

असो. तर या प्लंबरला शत्रू फार. चालती-बोलती अळंबी आहेत, पंख फुटलेली कासवं आहेत, नळातून वर येऊन दात विचकणारी झाडं आहेत. सुरवंट या मंडळींत जरा उशिरा आला. सरपटणारं काहीतरी खेळात आणायची कल्पना मात्र आधीपासूनची. 1981 साली अटारी कंपनीने 'सेंटिपीड' नावाचा खेळ काढला. तो एड लॉग आणि डोना बेली या दोघांनी रचला होता. या धंद्यात त्या काळी बायका जवळजवळ नव्हत्याच, तेव्हा बेलीबाईंचं कौतुक केलंच पाहिजे. त्यात एक लांबलचक गोम अळंब्यांच्या रानातून वळणं घेत खाली उतरते आणि आपण खालून गोळ्या झाडायच्या. गोळी मधल्याच मणक्याला लागली तर एका गोमेच्या दोन होतात, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधल्या तक्रारींसारख्या. पण गोम ती गोम. तिच्याबद्दल कुणाला कळवळा वाटल्याचं ऐकिवात नाही.

आमचा सुरवंट निराळा. तो जन्मला 21 नोव्हेंबर 1990 रोजी, 'सुपर मारिओ वर्ल्ड' नावाचा खेळ जपानात बाजारात आला त्या दिवशी. अंग पिवळं, चारपाच मण्यांची माळ असावी तसं. नाक भलंमोठं, चेहरा रेशनच्या रांगेतल्या शेवटच्या माणसासारखा समजूतदार, आणि डोक्यावर खोवलेलं एक फूल. जपानीत त्याचं नाव हानाचान. 'हाना' म्हणजे फूल, आणि 'चान' हे मागे लावायचं लाडाचं शेपूट. आपण एखाद्याला 'बाळ' म्हणतो तसं. (हाना म्हणजे नाकसुद्धा, असं शब्दकोश सांगतो. पण नाकावरून माणसाला हाक मारण्याची पद्धत आपल्याकडची. जपानी लोक सभ्य आहेत.) फुलांच्या पत्त्यांवर पोसलेल्या कंपनीने एका शत्रूच्या डोक्यावर फूल खोवून त्याला रणांगणावर पाठवला, हे मला फार आवडलं. इंग्रजीत मात्र त्याचं नाव विगलर ठेवलं. विगलर म्हणजे वळवळ्या. भाषांतरातच फूल गळून पडलं.

आता हा हानाचान करतो काय? काही नाही. मायेचं जंगल म्हणून एक जागा आहे, तिथे तो इकडून तिकडे जातो आणि तिकडून इकडे येतो. मी सदतीस वर्षं सरकारी नोकरीत याहून वेगळं काही केलेलं नाही. प्लंबर येतो आणि त्याच्या डोक्यावर उडी मारतो. अशा उडीने अळंबी चेपतात, कासवं पाठीत शिरतात. सुरवंट मरत नाही. त्याच्या डोक्यावरचं फूल गळतं, अंग लालबुंद होतं आणि तो सैरावैरा धावत सुटतो.

"बघा आजोबा, किती डेंजर आहे!" नातू म्हणाला.

"खरंच की!" मी म्हटलं. तेव्हा मला काही खटकलं नाही. खटकायला नको होतं असं नाही, पण सवय. ठाणा लोकलने मी इतकी वर्षं गेलो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून 14 डब्यांची पहिली गाडी निघाली ती आमच्याच ठाण्याला आली. त्यात 400 पाहुणे होते आणि सगळे बसलेले होते. त्यानंतर ठाण्याच्या गाडीत बसलेला माणूस मी पाहिला तो बहुधा कल्याणहून बसून आलेला. उभ्याने जाणाऱ्यांत रोज कुणाचा ना कुणाचा पाय चेपला जातो. ज्याचा चेपला तो ओरडतो, आणि सगळा डबा त्याच्याकडे वळून पाहतो : काय माणूस आहे! ज्याने चेपला तो पेपर वाचत असतो. मीही बऱ्याचदा पेपर वाचलेला आहे.

नातवाने दुसरा खेळ लावला. हा 1996 सालचा, 'सुपर मारिओ 64'. यात एक चमत्कारिक बेट आहे. एका वाटेने गेलात तर बेट अवाढव्य आणि तुम्ही मुंगीएवढे; दुसऱ्या वाटेने गेलात तर बेट पाटाएवढं आणि तुम्ही डोंगराएवढे. आमचा प्लंबर डोंगराएवढा होऊन गेला. बेटाच्या शिखरावर पाण्याचं एक लहानसं तळं होतं. प्लंबर उंच उडाला आणि धपकन त्यावर बसला. भोक पडलं आणि सगळं पाणी भसाभसा आत गेलं. मग तो लहान होऊन परत आला आणि त्या भोकातून आत उतरला.

आत सुरवंटाचं घर. छत फुटलेलं, जमिनीवर पाणीच पाणी. सुरवंट हातपाय गाळून... म्हणजे त्याला जे काय आहेत ते गाळून, विचारीत होता की हे माझ्या घराचं काय केलंत, आता मी काय करू. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं येत होती; नातू ती न वाचताच भराभरा बटण दाबून पुढे ढकलत होता. मी म्हटलं, "थांब रे, तो काय म्हणतोय ते तरी वाचू दे." वाचलं. छत गेलं, फरशी भिजली, आता राग येतोय, असा एकूण अर्ज होता. त्याच्याकडे एक तारा होता. म्हणजे राजवाड्यातून चोरीला गेलेला माल त्याच्या घरी सापडला, एवढा त्याचा दोष मान्य केला पाहिजे. पण तो तारा आल्यापासून आपलं काही धड होत नाही, हेही तो स्वतःच सांगत होता. मग तो लाल झाला.

"आता याच्या डोक्यावर तीन उड्या मारायच्या," नातवाने मला युद्धशास्त्र समजावलं. "तो या लेव्हलचा बॉस आहे."

बॉस म्हटल्यावर मला आमचे साहेब आठवले आणि क्षणभर उडीबद्दल सहानुभूती वाटली. पण तेवढ्यात नातू खदखदून हसला आणि म्हणाला, "आजोबा, हा अगदी लाल अण्णांसारखा आहे! सेम!"

मीही हसलो. स्वयंपाकघरातून आमच्या हिचा आवाज आला :

"पाणी आधी कुणाकडून गळलं, तेही सांगा त्याला."

आता इथे मला जपानचा इतिहास सोडून आमच्या बिल्डिंगच्या इतिहासात शिरलं पाहिजे. या दुसऱ्या इतिहासाचा बखरकार मीच आहे, आणि बखरकार ज्याच्या पदरी असतो त्याच्या बाजूने लिहितो. मी माझ्याच पदरी होतो.

अण्णा आमच्या खाली, तळमजल्यावर राहतात. मी पहिल्या मजल्यावर. ते मला "वरचे" म्हणतात आणि मी त्यांना, तोंडावर, अण्णा. इतका निरुपद्रवी माणूस कोपरी पुलाच्या अलीकडे-पलीकडे सापडायचा नाही. सकाळी आवारातली तगर वेचायची, पूजा करायची, देवाचं एक फूल कानावर खोवायचं आणि दहा नंबर प्लॅटफॉर्मकडे चालू लागायचं. कानावरचं फूल बहुधा कुर्ल्यापर्यंत टिकत असावं. बिल्डिंगमध्ये कुणाचा गणपती असो, कुणाचं मरण असो, अण्णा खुर्च्या मांडायला हजर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. त्यामुळे त्यांना तीन वेळा खजिनदार केलं.

1998 च्या मे महिन्यात माझ्या हाती पाचव्या वेतन आयोगाची थकबाकी आली. माणसाच्या हाती थकबाकी आली की त्याला घरातलं काहीतरी फोडावंसं वाटतं. मी न्हाणीघराच्या लाद्या फोडायच्या ठरवल्या. जुन्या शहाबादी फरशीच्या जागी फिक्या निळ्या टाइल्स. प्लंबर आला (दंतकथा कधीकधी खऱ्या होतात). त्याने खालचा कोबा उखडला, पाइप हलवला आणि म्हणाला, "साहेब, याच्याखाली वॉटरप्रूफिंग करून घ्या. चार दिवस जातील, पैसे थोडे जास्त." मी म्हटलं, "काही नको. तीस वर्षं गळलं नाही, आता काय गळणार?" त्याने मान हलवली. प्लंबर लोकांची ही मान हलवण्याची पद्धत आता मला चांगली कळते.

जूनमध्ये अण्णांच्या छताला ओल आली. त्यांनी जिन्यात हळूच सांगितलं, "वरचे, जरा बघता का?" मी म्हटलं, "पावसाची असेल." जुलैमध्ये पोपडे सुटले. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, "प्लंबरला निरोप दिलाय, उद्या येतो म्हणालाय." निरोप दिलेला नव्हता. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, अण्णा देवाला नैवेद्य दाखवीत होते तेव्हा छताचा परातीएवढा तुकडा नारळीभातात पडला.

त्या दिवशी ते वर आले. गंजीफ्रॉक, सोवळं, हातात तो तुकडा, आणि चेहरा... मी जन्मात इतका लाल चेहरा पाहिला नव्हता. बावन्न वर्षांत न बोललेलं सगळं त्यांनी माझ्या दारात उभं राहून पाच मिनिटांत बोलून घेतलं. बिल्डिंग गोळा झाली. मी हात जोडून, अगदी शांतपणे, "अण्णा, बसा, पाणी घ्या" असं म्हणत होतो. 'पाणी' हा शब्द ऐकून ते आणखी भडकले. त्यांच्या कानावरचं फूल त्या वेळी माझ्या उंबऱ्यावर गळून पडलं, असं लिहायचा मला आत्ता फार मोह होतोय. पण मला ते आठवत नाही. मी फुलाकडे बघत नव्हतो, लोक माझ्याकडे कसे बघताहेत ते बघत होतो. लोक हळहळत होते, आणि माझ्याबद्दल.

गळती मी दुरुस्त केली, पुढच्या मे महिन्यात. पण तोवर मला एक आयताच विनोदी किस्सा मिळाला होता. अण्णांचा अवतार! लग्नात, बारशात, गणपतीत, कुठेही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणायचं, "तो अण्णांचा अवतार करून दाखवा ना!" मी खांद्यावर पंचा टाकायचो, हातात पापड घ्यायचो आणि डोळे वटारायचो. हशा पिकायचा. किस्सा मुळात पाच मिनिटांचा, तो मी घासूनपुसून वीस मिनिटांवर नेला. जून आणि जुलैचा भाग लांबत असल्यामुळे मी तो कापून टाकला होता. नातवाने पाळण्यातून उतरल्यापासून किस्सा ऐकला तो ऑगस्टपासूनचा. त्यामुळे तो तळमजल्यावरच्या त्या दारापाशी आला की धावत सुटतो आणि थेट आमच्या दारात येऊन धापा टाकतो.

आणि 26 जुलै 2005 चं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. सांताक्रूझला त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या गल्लीत पाणी आधी चाकांपर्यंत, मग कमरेपर्यंत आलं. तळमजल्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. तोवर अण्णांचं आणि माझं बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली होती. रात्री साडेआठच्या सुमाराला ही खाली गेली आणि अण्णांना व वहिनींना घेऊन आली. अण्णांच्या हातात देवांचं तबक आणि बँकेची पासबुकं, एवढंच होतं. ते आमच्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून बसले. हिने पिठलं-भात केला. वीज नव्हती, मेणबत्तीच्या उजेडात आम्ही चौघं न बोलता जेवलो. आधी वरून पाणी आलेला आणि आता खालून आलेला तो माणूस रात्रभर माझ्या घरात होता. त्याच फरशीखाली त्याचं छत होतं. एक शब्द बोलला नाही. पहाटे उठून त्याने आमचं न्हाणीघर वापरलं, आणि बाहेर येताना फरशीवरचं पाणी खराट्याने नीट मोरीकडे लोटून आला. मी जागा होतो. झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

हा प्रसंग विनोदी नसल्यामुळे माझ्या बखरीत नाही.

"आजोबा, तुम्ही मारा आता एक उडी," नातवाने यंत्र माझ्या हातात दिलं.

"पाणी कोणी सोडलं रे?" मी विचारलं.

"मी. म्हणजे मारिओने."

"मग तो चिडला तर चूक कुणाची?"

नातवाने माझ्याकडे, मुलं मंद वृद्धांकडे बघतात तसं पाहिलं. "आजोबा, त्याशिवाय तारा मिळत नाही."

याला उत्तर नाही. आमच्या ऑफिसातही नव्हतं.

पुढचे आठ दिवस मी या सुरवंटाची सगळी कागदपत्रं तपासली. 2002 सालच्या खेळात तो समुद्रकिनाऱ्यावर एका उंच जागी झोपलेला असतो. प्लंबर आरसे मोकळे करून उन्हाचा झोत त्याच्यावर पाडतो, त्याची झोपमोड करतो, आणि तो किनारा तुडवत धावायला लागला की त्यालाच आडवा करतो. दुपारी एक ते चार या वेळात ज्याची कुणी झोपमोड केली आहे असा कोणताही मराठी माणूस सुरवंटाच्या बाजूने साक्ष देईल. 2009 सालच्या एका खेळात तर तो शेती करतो. अवाढव्य गाजर पिकवतो, आणि त्या गाजरापायी बाउझर नावाच्या राक्षसाशी त्याचं वाजतं. 2011 साली त्याला मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवायला दिली आणि 2023 साली त्याच मालिकेतल्या पुढच्या खेळात पुन्हा दिली. आता तो मारिओच्या शेजारून गाडी हाकतो. सरकारी भाषेत याला पुनर्वसन म्हणतात. पण तपासलेल्या सबंध दप्तरात मला असा एकही प्रसंग सापडला नाही, की सुरवंट सकाळी उठला आणि आपण होऊन प्लंबरच्या घरी गेला.

1996 च्या त्या खेळातला शेवट तेवढा राहिला होता. नातवाने तीन उड्या मारल्या. दर उडीला सुरवंट आणखी जोरात पळाला, आणि तिसऱ्या उडीनंतर आक्रसून एवढासा झाला. पुन्हा अक्षरं आली. नातू बटण दाबणार तोच मी त्याचा हात धरला. त्या एवढ्याशा झालेल्या प्राण्याचं म्हणणं असं होतं, की घ्या तुमचा तारा, मला आता बरं वाटतंय. मला त्याची तशी गरजही नाही, कारण छताला पडलेल्या भोकातून रात्री मला आकाशातले तारे दिसतात. पुन्हा केव्हाही या.

मी यंत्र खाली ठेवलं.

संध्याकाळी हिने शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. एका डब्यात घालून माझ्या हातात दिली आणि काही न बोलता दाराकडे बघितलं. मी नातवाला म्हटलं, "चल." जिन्यात त्याने माझं बोट घट्ट धरलं होतं. मी त्याचं.

अण्णांनी दार उघडलं. वहिनी गेल्यापासून ते एकटेच असतात. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, चेहरा पांढराफटक. लाल व्हायचा म्हटला तरी आता एवढं रक्त आणायचं कुठून? कानावर तगरीचं फूल मात्र होतं. नातू माझ्या मागून एक डोळा काढून ते फूल बघत होता. आम्ही आत बसलो. छतावर, बरोबर आमच्या न्हाणीघराखाली, तपकिरी कडेचा एक मोठा डाग होता. गळती थांबल्याला पंचवीस वर्षं झाली, पण त्यावर त्यांनी कधी रंग काढला नव्हता.

"आता कशाला?" माझी नजर ओळखून अण्णा म्हणाले. "रिडेव्हलपमेंटला पाडणारच आहेत. आणि मला सवय झालीय. झोप येत नाही तेव्हा बघत पडतो. तो बघ रे बाळ, तिकडून उंट दिसतो की नाही? ती मान, ते मदार."

नातू मान वाकडी करून बघायला लागला. "उंट नाही, कार आहे," म्हणाला. मग एकदम, "अण्णा, हे आमच्या आजोबांनी केलं?"

मी म्हटलं, "अण्णा, ते अठ्ठ्याण्णव सालचं..."

"छे रे, पावसाने," अण्णा नातवाला म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "फिक्या निळ्या होत्या ना टाइल्स? चांगल्या होत्या."

त्यांनी डबा आत नेला. आतून चहाच्या भांड्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागे दुसरा एक आवाज, टप, टप, टप. नातवाने सावधपणे माझ्याकडे पाहिलं.

"वरचे," अण्णांनी आतून हाक मारली, "तुमचा तो प्लंबर अजून आहे का हो? नळ गळतोय चार दिवस."

"आहे," मी म्हटलं. "उद्या..." आणि जीभ चावली. "थांबा, मीच त्याला घेऊन येतो."

नातू केव्हाच उठून स्वयंपाकघरात गेला होता. तो नळ बघत होता, आणि अण्णा त्याला पाना कुठे ठेवलाय ते सांगत होते.